गिऱ्हाईक कोण?

उस्मानपुऱ्यात मोसंबीच्या गाड्या लागायच्या, त्यातल्या एका गाडीवाल्याने साहेबांसाठी वेगळं स्टूल ठेवलं होतं. प्रेमापोटी नव्हे, तपासणी लांबायची म्हणून. साहेब ढिगातलं वरचं एक फळ घ्यायचे, मधलं एक, आणि सगळा ढीग ढासळेल अशा बेताने तळातलं एक. देठाशी वास घ्यायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, तळहातावर तोलायचे. तिन्ही पास झाली तर डझनभर घ्यायचे. एक जरी नापास झालं, तर उठून चष्मा खिशात घालत भर रस्त्यात जाहीर करायचे, "लॉट रिजेक्ट!" आणि पुढच्या गाडीकडे वळायचे.

"चच्चा, नको तो मत लेव," गाडीवाला हात जोडायचा, "पन जरा आहिस्ता बोलो ना. गिराइक सुन रे."

"गिऱ्हाइकानं ऐकावं म्हणूनच तर बोलतोय," साहेब म्हणायचे.

हा माणूस माझा पहिला साहेब. डिप्लोमा करून मी चितेगावच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा ते तिथे क्वालिटीचे प्रमुख होते. गाड्यांना लागणारे पोलादी दांडे तिथे बनायचे, आणि बनलेला प्रत्येक दांडा कधी ना कधी साहेबांच्या नजरेखालून जायचा. उंच, वाळका माणूस. खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक हिरवं. लाल पेनाची रिफिल महिन्याला संपायची. हिरवं पेन मी लागलो तेव्हाचंच मी कारखाना सोडेपर्यंत चालू होतं.

घरीदारीही तेच. कुणाच्या बैठकीत गेले की बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाचा खांब तिरका आहे म्हणून ते आत शिरलेच नाहीत. ताट घेऊन बाहेर उन्हात उभे राहून जेवले. मांडव काही पडला नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी चेष्टा केली तर म्हणाले, "पडला नाही म्हणजे बरोबर होता, असं कुणी सांगितलं?" आम्ही गुमान चहा प्यायलो.

त्यांचा एक प्रश्न अख्ख्या कारखान्याला पाठ होता. नवीन माणूस रुजू झाला की त्याच्या हातात दांडा द्यायचे आणि विचारायचे, "आधी सांग, गिऱ्हाईक कोण?" बिचारा सांगायचा, आपण माल पाठवतो ती कंपनी. "चूक." मग गाडी विकणारा. "चूक." मग गाडी विकत घेणारा. "तोही नाय. हा पार्ट मोडला तर पडणार कोण? जो पडणार, तो गिऱ्हाईक. बाकी सगळे मधले."

कारखान्यात डेव्हिएशन नावाची एक सोय असते. मालात बारीकसा दोष आहे पण त्याने काम अडत नाही, अशा वेळी गिऱ्हाइकाला दोष दाखवायचा, त्याची संमती घ्यायची, आणि त्याच्या सहीवर माल पास करायचा. दुनिया चालते ती याच सोयीवर. साहेबांनी मात्र डेव्हिएशनचा कागद आपल्या टेबलावर कधी टिकू दिला नाही. एकदा फाटकाशी ट्रक उभा, मोठे मॅनेजर स्वतः खाली आलेले, आणि दांड्यांवर ओरखडा असा की उजेडात तिरका धरला तरच दिसावा. मी साहेबांच्या मागे उभा राहून मनात म्हणत होतो, करा की एक सही, तुमच्या बापाचं काय जातंय.

"दिसतसुद्धा नाही हो," मॅनेजर म्हणाले.

"मला दिसला," साहेब म्हणाले. "आता मी न दिसल्यासारखं कसं करू?"

"गिऱ्हाईक हो म्हणतंय फोनवर."

"फोनवर नाय. त्याच्या सहीनं दाखवा."

ट्रक रिकामा गेला. कँटीनमध्ये त्या दिवशी साहेबांना सगळ्यात जास्त शिव्या मी घातल्या, कारण ट्रक भरायला रविवारी मलाच यावं लागणार होतं. पुढे मी शेंद्र्याच्या एका मोठ्या कारखान्यात गेलो, साहेब निवृत्त झाले, त्यांची पत्नी गेली, मुलगा बंगळूरला स्थायिक झाला. साहेब आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहू लागले. भेट व्हायची ती मोसंबीच्या गाडीवर.

आता आईचं सांगतो. आई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया होती. घरातल्या गादीवर चादर कशी घालायची यावरून तिने माझ्या बायकोला पहिली दोन वर्षं दमात घेतलं होतं. पहाटे उठून बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, आणि मग दिवसभर कुणाचं तरी काहीतरी चुकतंय हे दाखवत फिरायची. वडील गेल्यावरही ती खचली नाही. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मात्र तिचं फिरणं वॉकरवर आलं.

आणि मग तो दिवस आला. मी शेंद्र्याला पहिल्या पाळीत, बायको तिच्या शाळेत, मुलगी कॉलेजात. सोबतीला ठेवलेल्या बाई त्या दिवशी आल्या नाहीत आणि त्यांनी कळवलंही नाही. आई अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात पडली. बायको घरी आली चार वाजता. पाच तास आई फरशीवर होती. हाड वाचलं, पण मी काही त्यातून लवकर बाहेर आलो नाही. कामावर दर तासाला फोन करायचो, आणि तिने तिसऱ्या घंटीला उचलला नाही की माझ्या छातीत धडधडायला लागायचं.

तिला पुन्हा एकटं पडू द्यायचं नाही, एवढं एकच मला कळत होतं. पण त्यावरचा उपाय तोंडातून काढायची सोय नव्हती. आमच्या नातेवाइकांत 'वृद्धाश्रम' हा शब्द शिवीसारखा वापरतात. मामाला फोनवर नुसतं सुचवून पाहिलं, तर तो म्हणाला, "म्हंजी आईला टाकायची म्हन ना सरळ!" मी फोन ठेवला आणि साहेबांकडे गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा ज्याला दोष दिसतो त्याच्याकडे जावं असं वाटलं असेल.

मी अर्धंच बोललो असेन, साहेबांनी कपाट उघडलं. आत अकरा फायली. शहरातली आणि आसपासची ज्येष्ठांची निवासं, प्रत्येकाची एक फाईल. चार वर्षं हा माणूस एकटा हिंडून ती तपासत होता.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठीच. पोरगा दर महिन्याला नवीन माहितीपत्रक पाठवतो."

"मग ठरलं कुठलं?"

"सगळे रिजेक्ट," साहेब म्हणाले, आणि एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "भर."

तो आमच्या जुन्या कारखान्यात येणाऱ्या मालाच्या तपासणीचा फॉर्म होता. त्याच रकान्यांवर साहेबांनी चार वर्षं काम भागवलं होतं. पार्टचं नाव. दोष. गिऱ्हाईक. निर्णय. तपासणाऱ्याची सही. मी सवयीने भरत गेलो. पार्टचं नाव: आई. दोष: खुबा, गुडघे, साखर, हट्टी स्वभाव. गिऱ्हाईक या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. साहेबांनी वाचलं, मान डोलावली, फाईलला लावलं. आम्हा दोघांनाही त्यात काही खटकलं नाही.

तीन महिने आम्ही सुट्टीच्या दिवशी हिंडलो, जुनी पुन्हा तपासायला आणि नवी शोधायला. साहेब कधीही कळवून जात नसत. दुपारी तीनला जायचं, असा त्यांचा दंडक होता. "सकाळी सगळं धुतलेलं असतं आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी मांडलेलं असतं. खरं घर बघायचं तर तीनला." एका ठिकाणी फाटकावर पाटी होती, भेटीची वेळ पाच ते सहा. साहेबांनी गाडीतून पायसुद्धा खाली ठेवला नाही. "चल. लपवायला तेवीस तास पुरतात."

ते निवासात शिरले की आधी चपलांचा कोपरा बघायचे. राहणाऱ्यांच्या चपलांवर धूळ साचलेली असेल तर ही माणसं बाहेर पडत नाहीत, नाहीतर त्यांना पडू देत नाहीत. मग बाथरूममधल्या दांडीला स्वतः लटकायचे. एका ठिकाणी दांडी त्यांच्या हातात आली, ती त्यांनी ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवली. मग कुणाच्या तरी खाटेजवळची घंटी दाबून घड्याळ धरून उभे राहायचे. शेवटी व्यवस्थापकासमोर बसून दोनच प्रश्न विचारायचे. "तुमच्याकडे काम करणारी सगळ्यात जुनी बाई कधीपासून आहे? तिला बोलवा." आणि, "आज चालत आलेला माणूस उद्या अंथरुणाला खिळला, तर ठेवणार का घरी नेऊन सोडा म्हणणार? तोंडी नको. करारात कुठं लिहिलंय ते दाखवा." या दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच जणांचं हसू मावळायचं. करारात त्यांनी उलटंच लिहिलेलं असायचं आणि कुटुंबं ते न वाचताच सही करून गेलेली असायची.

साहेबांनी निवासांना आपली नावं ठेवली होती. शेंद्र्याच्या बाजूचं कारंजंवालं. पैठण रस्त्याचं, चितेगावच्या अलीकडचं, दारात पेरूचं झाड असलेलं ते पेरूवालं. पेरूवाल्याला त्यांनी फार पूर्वीच लाल शेरा मारला होता. भिंतीचं प्लास्टर पडलेलं, खुर्च्या चार तऱ्हेच्या, घंटीला यायला सहा मिनिटं, आणि फाटक करकरतं. कारंजंवालं मात्र नवीन होतं. दांड्या पक्क्या, घंटीला दोन मिनिटं, स्वयंपाकघर लखलखीत, करारातही सगळं ठाकठीक. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत साहेबांनी दारातून डोकावून एकेका खाटेची नोंद घेतली. चादर: स्वच्छ. पाणी: आहे, झाकलेलं. बाहेर येऊन त्यांनी हिरवं पेन काढलं, माझ्या फॉर्मवर निवासाचं नाव घालून 'पास' लिहिलं आणि तो फाईलमधून सोडवून माझ्या खिशात दिला. मी त्यांच्या हातात ते पेन उघडलेलं बहुधा पहिल्यांदाच पाहत होतो. आता आईला सांगायचं कसं, एवढंच उरलं होतं.

ते सांगायची वेळ आली नाही. आईला धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासायची सवय होती. वॉकरवर आली तरी ते काम तिने सोडलं नव्हतं. संध्याकाळी मी कामावरून आलो, तर ती पलंगावर ताठ बसली होती आणि समोर चहाच्या कपाखाली तो फॉर्म होता.

"मी पार्ट व्हय रं?" तिने विचारलं.

मी दारातच थबकलो.

"ते खुबा-गुडघं ठीक हाय. 'हट्टी' हा बी दोष हाय व्हय? आन् हे काय? गिऱ्हाईक तू? राहायला मी जानार आन् गिऱ्हाईक तू?"

मी रडलो. चाळिशी उलटलेला माणूस, हातात डबा तसाच, दारात उभा राहून रडलो. तिला टाकायचं नाहीये, मला भीती वाटते, असं काहीतरी बोलत राहिलो. आई नुसती बघत होती. मग म्हणाली, "जानार नाय आसं मी म्हनले का? मला कुनी इचारलं का? तीन म्हैने तुम्ही दोघं गावभर हिंडता, पोरगी बघाय निघाल्यावानी, आन् ज्या बाईचं करायचं तिला पत्ता नाय." तिने फॉर्म माझ्या हातात कोंबला. "तुझ्या सायबाला दाखव जा."

साहेबांनी फॉर्म हातात घेतला. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईक या रकान्यावर बोट ठेवलं.

"पार्ट मोडला तर पडणार कोण?" त्यांनी विचारलं.

"आई."

"पडली कोण?"

"आईच."

"आणि आपण गिऱ्हाईक कुणाला लिहिलं?" त्यांनी चष्मा काढला. "बावीस वर्षं पोरांना हेच विचारत आलो रे मी."

त्यांनी लाल पेनाने फॉर्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, खाली 'तपासणी चुकीची' असं लिहिलं आणि सही केली. स्वतःच्या तपासणीवर लाल सही करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या क्षणी ट्रकच्या दिवशी घातलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या घरी आले. हातात मोसंब्या. "ताई, माझी चूक झाली," ते उभ्यानेच म्हणाले.

"बसा सायेब," आई म्हणाली. "मोसंब्या पास झालेल्या हायत ना?"

साहेब बसले, आणि बसण्याआधी आमचं कॅलेंडर सरळ करायला विसरले. आईने फर्मान काढलं, मला दाखवा, मी बघते. रविवारी दुपारी तीनला आम्ही तिघं कारंजंवाल्याकडे गेलो. व्यवस्थापक पुढे, आई वॉकरवर मागे. कारंजं, बाग, टीव्हीची खोली, सगळं बघताना ती 'छान हाय, छान हाय' म्हणत होती, आणि मी मनात सुटकेचा श्वास घ्यायला लागलो होतो. मग ती कुणाला न विचारता अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत शिरली. तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, तिला कोण अडवणार? पहिल्याच खाटेवर एक म्हातारी पडलेली होती. आईने तिच्या पायावरची चादर अलगद वर केली आणि टाच हातात घेऊन बघितली. एकाच जागी पडून पडून टाच काळीनिळी झाली होती. मग ती खाटेच्या शेजारच्या टेबलाकडे वळली.

"सायेब, तुम्ही काय लिवलं होतं हितं?"

साहेबांनी वही उघडली. "पाणी: आहे. झाकलेलं."

"हाय की. भरलेलं बी हाय, झाकलेलं बी हाय. आता ह्या बाईचा हात बघा कुठवर जातो."

टेबल खाटेपासून हातभर लांब होतं. म्हातारीचा हात चादरीवरच पडलेला होता. आईने ग्लास उचलून तिच्या ओठाला लावला. त्या बाईने तो घटाघटा, न थांबता, संपवला.

"मी पडले ना त्या दिवशी," आई आमच्याकडे न बघता म्हणाली, "तव्हा ओट्यावर गिलास होता. भरलेला. फरशीवरून समदा दिसत व्हता मला. पाच घंटे दिसत व्हता."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिथून बाहेर येऊन कारंज्यापाशी उभा राहिलो. त्या पाण्याकडे बघवेना. साहेब मागून आले. त्यांच्या हातातलं हिरवं पेन त्यांनी टोपण लावून खिशात ठेवलं होतं.

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "आता मला तुमी नापास केलेली दाखवा. हातच्या हाती व्हऊन जाऊ द्या."

म्हणून आम्ही तसेच पैठण रस्त्याला लागलो. पेरूवाल्याचं फाटक करकर वाजलं आणि साहेबांनी माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' अशा नजरेने पाहिलं. व्हरांड्यात चार तऱ्हेच्या खुर्च्यांवर बसून चार बाया मेथी निवडत होत्या. आईने दारातूनच मोठ्याने "जयभीम!" घातला. असा घालून ती थांबायची आणि समोरच्याचं तोंड बघायची, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एका कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या आजोबांनी मान वर न करता "जयभीम, या, बसा" म्हटलं, आणि मेथीवाल्या बायांपैकी एकीने "राम राम बाई, ह्या खुर्चीत बसू नगा, पाय हालतो तिचा," म्हणून दुसरी खुर्ची ओढून दिली. आई बसली नाही. थेट आजारी माणसांच्या खोलीत गेली. तिथेही टेबलं होती, पण ग्लास टेबलावर नव्हते. प्रत्येक खाटेच्या लोखंडी कडेला तारेची कडी वळवून लावली होती आणि ग्लास त्या कडीत, हाताशी. टाचांखाली जुन्या साडीच्या घड्या. आईने दोन टाचा बघितल्या, त्यांना तेल लावलेलं होतं.

"हे कडीचं कुनी केलं?" तिने तिथे काम करणाऱ्या बाईला विचारलं. ती बाई नऊ वर्षं तिथे होती.

"मीच वळवल्या ताई. टेबलावर त्यांचा हात पुरत नाय."

"पण घंटीला सहा मिनिटं लागतात," साहेब म्हणाले.

"लागतात सायेब. कुनाला तरी भरवत असले तर हातचं टाकून कसं येऊ? मी आधी वरडून सांगते, आले म्हनून."

साहेबांनी वहीत बघितलं. ओरडून सांगण्याचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता.

"ताई, प्लास्टर पडलंय," ते शेवटचं म्हणून म्हणाले.

"पडू द्या. प्लास्टर मला पानी देनार हाय का?" आई म्हणाली. मग त्या बाईला म्हणाली, "मी पंधरा दिस राहून बघते. जमलं तर जमलं."

ही पंधरा दिवसांची गोष्ट मी आता प्रत्येकाला सांगतो. एकदम सामान हलवू नका, आधी राहून बघू द्या, परतीचा रस्ता उघडा ठेवा. पण ते पंधरा दिवस मी कसे काढले ते विचारू नका. पहिल्या दिवशी चार फोन केले. चौथ्याला ती म्हणाली, "काम करू दे. हितल्या पोरींना चादर घालता येत नाय." नंतर फोन उचलेनाच. पण गंमत अशी की या खेपेला धडधड झाली नाही. कुणीतरी ओरडून "आल्येऽ" म्हणत असेल, एवढं मला माहीत होतं. पंधराव्या दिवशी तिला घरी आणलं. दोन दिवस ती गप्पगप्प होती. तिसऱ्या दिवशी बघतो तर बुद्धमूर्ती टॉवेलात गुंडाळून, पिशवी भरून बसलेली. मामाचा फोन आला तेव्हा तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. "त्यानं नाय टाकलं. मीच चालले. तुला यायचं तर तू बी ये." त्या वाक्यानंतर मी कित्येक महिन्यांनी रात्रभर नीट झोपलो.

साहेब मात्र अजून तपासणीवर होते. दर रविवारी माझ्यासोबत यायचे, फेरतपासणी म्हणून. घंटी दाबायचे, वेळ लिहायचे, मेथी निवडणाऱ्या बायांच्या जुड्यांतलं गवत काढून दाखवायचे. मग जेवूनच निघायचे. हळूहळू ते बुधवारीही जायला लागले, आणि शुक्रवारीही. आईच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"सायेब, तुम्ही घरी एकटेच ना?" तिने एका रविवारी विचारलं. "पडले बिडले तर कोन?"

"पेपरवाल्याला सांगितलंय. दोन दिवस पेपर दारात दिसला तर आवाज द्यायला."

दोन दिवस, हे मी मनात मोजलं. तिनेही मोजलं असणार.

"मग अकरा घरं बघून एक बी पटलं नाय तुम्हाला?"

"दोष आहेत, ताई."

"घरात नाय. तुम्हाला जायचंच नाय कुठं. भ्या वाटतं. मला बी वाटलं व्हतं."

साहेब लाल झाले. मला वाटलं, आता उठून जाणार. आईने उशीखालून एक कागद काढला. साहेबांचाच कोरा फॉर्म. तिने आठवडाभर खपून तो भरला होता. पार्टचं नाव: सायेब. दोष: उठसूट खोड काढतात. जेवताना पोळी उलटीपालटी करून बघतात. निर्णय: काम भागेल.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे डेव्हिएशन झालं," ते म्हणाले. "दोष असून पास करायचं. मी कधी केलेलं नाय. आणि याला तपासणाऱ्याची सही चालत नाय ताई. गिऱ्हाइकाची लागते."

"गिऱ्हाईक म्हंजी कोन?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच उत्तर दिलं. "ज्याला रोज सोसायचं तो."

"मग ती मीच की," आई म्हणाली. "पेन आना."

साहेबांनी खिशात हात घातला. लाल पेन आधी लागलं, ते त्यांनी परत ठेवलं. हिरवं काढून, टोपण उघडून, तिच्या हातात दिलं. दवाखान्याच्या हजेरीवर तीस वर्षं केली तशी आईने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. पुढच्या महिन्यात साहेब तीन पेट्या आणि अकरा फायली घेऊन तिथे राहायला आले. त्यांच्या खाटेलाही तारेची कडी आहे. ती त्यांनी स्वतः मोजून, कोपरापासून बोटापर्यंतच्या अंतरावर लावून घेतली.

फाटकाला तेल घालतो म्हणालो तर साहेब आता घालू देत नाहीत. म्हणतात, कोण आलं ते कळतं. परवा रविवारी मी गेलो, फाटक करकरलं, आणि व्हरांड्यातल्या चार तऱ्हेच्या खुर्च्यांमधून साहेबांनी घड्याळ वर केलं.

"बारा मिनिटं उशीर," ते म्हणाले.

आईने मेथीतून मान वर केली आणि माझ्याकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"चालंल सायेब," ती म्हणाली. "पास करा त्याला. सही माझी."